शरदातील देवीयात्रा : सांगता मावंद्याने व्हावी

सर्वपित्री अमावास्येची रात्र ओसरते आणि घराघरांतील देवघर उजळून निघते. परडीतील काळ्या मातीत धान्य पेरले जाते, त्यावर घट बसतो, नंदादीप तेवू लागतो, घटावर पहिली माळ चढते. त्याच सुमारास गावोगावच्या एस.टी. स्थानकांवर कवड्यांच्या माळा, हळदीकुंकवाने माखलेली कपाळे आणि खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणारे ओटीचे नारळ दिसू लागतात. घरात घट बसतो आणि घराबाहेर माणूस चालू लागतो, अशी ही आश्विनाची दुहेरी रीत आहे. कुलदेवतेच्या दर्शनाला निघालेल्या या माणसांच्या सोयीसाठी, आणि त्याहूनही त्यांच्या सुखरूप परतीसाठी, चार गोष्टी येथे मांडावयाच्या आहेत.

आपल्याकडे काशीयात्रेहून परतलेला माणूस गंगापूजन करतो, आप्तेष्टांना भोजन घालतो. त्याला मावंदे म्हणतात. मावंदे झाल्याखेरीज यात्रा पुरी झाली असे जुनी माणसे मानीत नसत. या रीतीमागील भाव लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या काळी काशीला निघालेला माणूस परत दिसेल याची शाश्वती नसे, त्या काळी आपल्या पूर्वजांनी यात्रेची सांगता देवळाच्या गाभाऱ्यात न ठेवता घरच्या पंगतीत ठेवली. दर्शन हा यात्रेचा कळस खरा. पण तिचा शेवटचा टप्पा घरचा उंबरठा हाच होय. आज प्रवास एका रात्रीचा झाला, वाहने वाढली, रस्ते रुंदावले. तरीही सुखरूप परतण्याची चिंता सर्वस्वी सरलेली नाही. किंबहुना तिचे रूप बदलले आहे, एवढेच.

प्रवासाचा ऋतू

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन मास. पाऊस मागे हटतो, नद्यांचे पाणी निवळते, वाटा वाळतात. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याचे सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघत, त्याचे एक कारण हेच होते. पावसाळ्यात थांबलेले व्यवहार पुन्हा सुरू करण्याचा हा काळ; म्हणूनच यात्रा, जत्रा आणि उत्सव यांची या दोन मासांत रीघ लागलेली असते. घटस्थापनेपासून दसरा, दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागिरी, मग वसुबारसेपासून दिवाळी, पुढे पंढरपूरची कार्तिकी एकादशी आणि शेवटी त्रिपुरी पौर्णिमेचे दीप. उत्सवांची ही माळ जवळजवळ दीड महिना लांबते. हे ध्यानात ठेवले, तर सगळ्यांनी मिळून त्याच दोन दिवशी त्याच एका दरवाजाशी जमण्याची निकड उरत नाही.

प्रवासाचा बेत आखणाऱ्याने पहिली गोष्ट पाहावी ती पंचांगातील तिथी. इंग्रजी तारखांच्या हिशेबाने नवरात्र दरवर्षी मागेपुढे सरकते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे घटस्थापना १५ ऑक्टोबरला आली, तर २०२५ साली ती २२ सप्टेंबरलाच होती. तीन आठवड्यांचे हे अंतर केवळ कागदावरचे नव्हे. सप्टेंबरअखेरच्या नवरात्रात परतीचा पाऊस आडवा येतो. ऑक्टोबरच्या मध्यावरील नवरात्रात उन्हाचा ताप छळतो. २०२५ साली ऐन नवरात्राच्या आरंभी धाराशिव आणि सोलापूर भागात अतिवृष्टी झाली, सीनेला महापूर आला आणि वाहतूक विस्कळीत झाली. तेव्हा नवरात्र लवकर असेल त्या वर्षी निघण्यापूर्वी पावसाचा अंदाज पाहावा आणि वाटेतील पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी पाण्यात घालू नये. एका दिवसाने दर्शन लांबले म्हणून कुलस्वामिनी रागावत नाही.

रेल्वेने जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की आरक्षण पूर्वी चार महिने आधी खुले होत असे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आणली गेली. श्रावण लागताच पंचांग उघडून दिवस मोजले, तर ऐन वेळची धावपळ टळते.

देवीही प्रवासाला निघते

महाराष्ट्रात देवीची साडेतीन पीठे मानली जातात : कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही पूर्ण पीठे आणि वणीच्या गडावरील सप्तशृंगी हे अर्धे. या चारही ठिकाणी नवरात्र असते. पण प्रत्येक ठिकाणचा थाट निराळा. विशेष म्हणजे भक्त देवीकडे जातात त्या दिवसांत देवीही आपले स्थान सोडून बाहेर पडते.

कोल्हापुरात आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललिता पंचमीला, अंबाबाईची पालखी नगराच्या पूर्वेकडील त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. कथा अशी सांगतात, की असुरवधानंतरच्या विजयोत्सवात त्र्यंबोलीला बोलावणे राहून गेले. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, आणि मग महालक्ष्मी स्वतः तिची समजूत काढावयास गेली. त्या भेटीची आठवण म्हणून पालखी टेकडीवर जाते आणि तेथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडण्याचा विधी होतो. जगदंबेलाही रुसलेल्या सखीच्या दारी पायी जावे लागते, ही कल्पना रचणाऱ्या लोकमनाला नात्यांची जाण किती खोल असली पाहिजे! अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेस निघते आणि दसऱ्याच्या सायंकाळी दसरा चौकात संस्थानी परंपरेचा सोहळा होऊन सोने लुटले जाते. कोल्हापूर रेल्वेचे अखेरचे स्थानक असल्याने आणि मंदिर नगराच्या मध्यातच असल्याने वृद्धांना हे पीठ त्यातल्या त्यात सोयीचे आहे.

नवरात्रातील दाटी ज्यांना सोसवत नाही, त्यांच्यासाठी कोल्हापुरात आणखी एक योग आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर या तीन दिवशी मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरून अनुक्रमे देवीचे चरण, वक्ष आणि मुख उजळतात, अशी मंदिराची रचना आहे. पुन्हा जानेवारीची ३१ आणि फेब्रुवारीच्या १ व २ या तारखांना हाच किरणोत्सव होतो. कधी ढग आड येतात, कधी वाटेतील बांधकामांमुळे किरण पुरते पोहोचत नाहीत. तरीही त्या काही क्षणांची वाट पाहणारा भाविकांचा समुदाय अनुभवावा असाच असतो.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगररांगेत, सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर. येथील भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलविता येते, आणि त्यामुळेच देवीच्या निद्रेची परंपरा येथे आहे. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत देवी पलंगावर निद्रा घेते. प्रतिपदेच्या पहाटे ती पुन्हा सिंहासनावर येते आणि मग घटस्थापना होते. नऊ दिवसांच्या युद्धानंतर दसऱ्याच्या उषःकाली तिचे सीमोल्लंघन असते. त्यासाठी पालखी आणि पलंग अहिल्यानगरच्या वाटेने गावोगावचा मान घेत तुळजापुरास पोहोचतात. मूर्तीला साड्यांचे अनेक पदर गुंडाळले जातात आणि पालखीतून मंदिराच्या आवारात प्रदक्षिणा होते. त्यानंतर देवी पुन्हा पलंगावर निजते ती थेट कोजागिरीपर्यंत. या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात.

प्रवाशाच्या दृष्टीने यात एक व्यावहारिक सूचना दडलेली आहे. दसरा ते कोजागिरी या दिवसांत तुळजापुरास जाणाऱ्याला सिंहासनावरील रूपाचे दर्शन घडत नाही, पलंगावर विसावलेल्या देवीचे घडते. कुलाचारासाठी अभिषेक किंवा महापूजा करावयाची असेल, तर आपल्या घराण्याच्या पुजाऱ्यांशी आधी बोलून दिवस ठरवावा. आणि कोजागिरीचा दिवस निवडावयाचा तर तो विचारपूर्वक निवडावा. कारण त्या पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटक, तेलंगणाच्या सीमाभागातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ते रात्रभर भरून वाहत असतात. पायी चालणाऱ्याला तो आनंदसोहळाच. मोटारीने निघालेल्याला मात्र ताटकळण्याची तयारी हवी.

श्रमनिद्रा या शब्दापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. साक्षात आदिशक्तीलाही श्रमानंतर विसावा लागतो, असे आपली परंपरा सांगते. आणि आपण मात्र रात्रभर गाडी चालवून पहाटे रांगेत उभे राहतो, दर्शन होताच पुन्हा चाकामागे बसतो आणि दोन दिवसांत तीन पीठे ‘उरकतो’. देवीच्या निद्रेचा सोहळा करणाऱ्या समाजाने आपल्या चालकाची झोप हिरावून घ्यावी, यासारखी विसंगती नाही.

गड आणि शिखरे

वणीचा गड नाशिकहून साधारण ६० किलोमीटरवर, कळवण तालुक्यात. पायथ्याचे गाव नांदुरी. कड्यातच कोरलेली सुमारे आठ फूट उंचीची, अठरा भुजांची ही मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या शेंदराच्या जाड लेपाखाली होती. २०२२ साली मंदिर काही काळ बंद ठेवून तो लेप उतरविण्यात आला आणि त्या वर्षीच्या नवरात्रात भाविकांना मूळ स्वरूपाचे दर्शन घडले. गडावरील गावापासून मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. ज्यांना त्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ पासून रुळांवरून चढणाऱ्या ट्रॉलीची सोय झाली आहे. उत्सवकाळात खासगी वाहने नांदुरीलाच थांबवून पुढे एस.टी.च्या गाड्यांनी भाविकांना गडावर नेले जाते. ही अडचण नसून संरक्षण आहे, हे घाटाची वळणे पाहिली की कोणालाही पटेल. नवमीच्या मध्यरात्री दुर्गम शिखरावर निशाण फडकते. तो मान दरेगावच्या गवळी-पाटील घराण्याकडे आहे. कोजागिरीला ठिकठिकाणच्या नद्यांचे जल खांद्यावर घेऊन कावडधारी गडावर येतात.

माहूर हे चौघींत सर्वांत दूरचे, नांदेडहून सव्वाशे किलोमीटरच्या घरात, वनांनी वेढलेले. रेणुकेचे शिखर, दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर अशी तीन शिखरे तेथे आहेत. रेणुकेचा प्रसाद म्हणजे कुटलेल्या विड्याचा तांबूल. दात नसलेल्या वृद्धांनाही तो घेता येतो. माहूरला जाणाऱ्याने एक मुक्काम हिशेबात धरावाच. तीन शिखरे एका दुपारी गाठण्याची घाई केली, की दर्शन होते आणि स्थळ मात्र पाहावयाचे राहून जाते. आश्विनात दुपारनंतर आभाळ भरून येण्याचा, गडगडाटासह सर येण्याचा संभव असतो. म्हणून गडावरची चढण सकाळीच करावी, आणि विजा चमकू लागल्या तर उघड्या कड्यावर किंवा एकाकी झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा.

गर्दीत काय घडते

सणाच्या दिवशी अशुभ बोलू नये, असा संकेत आहे. परंतु न बोलल्याने जे टळत नाही ते बोललेलेच बरे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक प्राणास मुकले. ३० सप्टेंबर २००८ रोजी नवरात्राच्या पहिल्याच पहाटे जोधपूरच्या किल्ल्यावरील चामुंडा मंदिरापाशी दोनशेहून अधिक माणसे गेली. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी मध्य प्रदेशात दतिया जिल्ह्यातील रतनगड देवीच्या वाटेवर, सिंध नदीच्या पुलावर, शंभरहून अधिक जण मृत्युमुखी पडले. पूल कोसळत असल्याची अफवा तेथे पसरली होती. या साऱ्यांच्या घरी त्या दिवशी कोणीतरी वाट पाहत होते. त्यांचे मावंदे झाले नाही.

अशा दुर्घटनांमागे बहुधा त्याच त्या गोष्टी आढळतात : अरुंद चढण, येण्याजाण्याची एकच वाट, फुटलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, आणि एखादी ओरड. माणसे दुष्ट नसतात. मागच्याला पुढचे दिसत नाही, एवढेच. पुढे कोणी पडला आहे हे न कळल्याने मागचा लोट पुढे सरकत राहतो, आणि दाटीत छातीवर दाब येऊन श्वास कोंडतो. म्हणून नारळ ठरवून दिलेल्या जागीच फोडावा. पुढचा माणूस थांबला तर आपणही थांबावे, मागच्यालाही थांबावयास सांगावे. ऐकीव बातमी मोठ्याने उच्चारू नये. दाटी एकाएकी वाढलीच तर दोन्ही हात कोपरांत दुमडून छातीसमोर धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लोटाच्या विरुद्ध झगडू नये. तो क्षणभर ओसरला की तिरके सरकत कडेला यावे. निसटलेली चप्पल किंवा पडलेली पिशवी उचलण्यासाठी वाकू नये. ओटीचे साहित्य पुन्हा मिळते.

यात्रेकरूची शिदोरी

आता थोडे प्रपंचाचे. कुटुंबातील वृद्धांच्या आणि मुलांच्या खिशात, नाव, गाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मोबाईल आल्यापासून क्रमांक पाठ असणारी माणसे दुर्मीळ झाली आहेत, आणि लाखोंच्या गर्दीत ते यंत्र पुष्कळदा मुके होते. ध्वनिक्षेपकावरून ‘अमुक गावच्या आजी पोलीस चौकीजवळ बसल्या आहेत’ अशी घोषणा आजही दर घटकेला ऐकू येते. ती आजी आपली असू नये असे वाटत असेल, तर मंदिरात शिरण्यापूर्वीच भेटीची एक जागा सर्वांना दाखवून ठेवावी.

उपवास करणाऱ्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. औषध चुकवून केलेला उपवास ही भक्ती नव्हे. पाणी, मीठ-साखर, केळी किंवा राजगिऱ्याचा लाडू जवळ असावा. अनवाणी चालण्याचे व्रत असल्यास ते सकाळ-संध्याकाळच्या थंड वेळी पाळावे. दुपारचे डांबर आणि फरशी पाय भाजते. अंगावर सोने घालून जाऊ नये. दर्शनाचा पास किंवा पूजेची पावती देवस्थानाच्या अधिकृत ठिकाणीच घ्यावी, वाटेत भेटणाऱ्या मध्यस्थाकडून नव्हे.

मालवाहू टेंपो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून प्रवास टाळावा. एस.टी. उत्सवकाळात जादा गाड्या सोडते. २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना तिच्यात विनामूल्य प्रवासाची आणि २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळू लागली. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे भाडे आहे. ओळखपत्र मात्र बरोबर हवे. घटस्थापनेच्या आदल्या रात्री गावोगावचे तरुण पीठावरून ज्योत पेटवून धावत आपल्या गावी नेतात. त्यांनी पाठीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी लावावी, रस्त्याची कडा सोडू नये. आणि त्या रात्री मोटार चालविणाऱ्यांनी वेग आवरावा. अंधारात दूरवर हलणारा तो दिवा कोणाच्या तरी मुलाच्या हाती असतो.

उंबरठ्याशी

ज्यांना जाणे जमत नाही त्यांची सोयही परंपरेने करून ठेवली आहे. शेजारचे कोणी निघाले, की त्यांच्या हाती ओटी पाठविण्याची रीत घरोघर आहे. पाठविलेली ओटी देवीला पोहोचते, यावर आपल्या आज्यांचा पूर्ण विश्वास होता. गुडघे दुखणाऱ्या आईला ऐन अष्टमीच्या गर्दीत नेण्यापेक्षा तिच्या हातची ओटी घेऊन आपण जावे, आणि तिला दिवाळीनंतरच्या एखाद्या निवांत सकाळी दर्शनाला न्यावे. कार्तिकातही देवी तीच असते. रांग तेवढी लहान होते. तुळजापुरात सीमोल्लंघनासाठी मूर्ती हलविताना तिच्याभोवती साड्यांचे पदर गुंडाळतात. तेवढ्याच जपणुकीने घरातील थकलेल्या माणसाला प्रवासात सांभाळणे हीही सेवाच आहे.

आणि परतल्यावर मावंद्याची आठवण ठेवावी. त्यासाठी मोठा खर्च नको. आणलेला प्रसाद शेजाऱ्यांना वाटावा, तांबुलाचा कण आजोबांच्या तळहातावर ठेवावा, ज्यांनी ओटी पाठविली त्यांना निरोप सांगावा, आणि निघताना जितकी पाने मांडली होती तितकीच पाने पुन्हा मांडून सर्वांनी एका पंगतीला बसावे. मग यात्रा पुरी झाली असे म्हणावे.